चरबी घटवताना स्नायूही वाढवता येतात का?
रत्नागिरीत राहून, घरचे मासे-भात खाऊन पोट कमी होईल आणि दंडही भरतील का, असा आपला प्रश्न आहे. होय, व्यायामाला नव्याने सुरुवात करणाऱ्यास हे दोन्ही एकदम साधू शकते, मात्र उपाशी राहून नव्हे. रोजच्या गरजेपेक्षा साधारण ३०० ते ५०० कॅलरी कमी घ्याव्यात आणि प्रथिने वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम ठेवावीत, म्हणजे ७० किलोच्या माणसाला दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे ताटात भाताचा डोंगर आणि कडेला बांगड्याची एकच तुकडी असते. हे प्रमाण उलटावे. १०० ग्रॅम बांगड्यात साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात, परंतु तो रव्यात घोळवून भरपूर तेलात तळण्यापेक्षा तिरफळे घालून त्याचे तिखले, म्हणजे तिखट दाटसर कालवण, करावे. कुळथाची पिठीही उत्तम, पण वाटीभर पातळ पिठीत पीठ जेमतेम दोन चमचे असते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. आठवड्यातून तीनदा वजने उचलावीत व ती हळूहळू वाढवावीत. किनाऱ्यावरचे चालणे पूरक आहे, केवळ त्याने स्नायू भरत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. प्रगती पाहण्यासाठी पंधरवड्याने कमरेचे माप घ्यावे, कारण वजनकाटा जागचा हलला नाही तरी पट्टा एक भोक आत गेलेला असू शकतो.