तोंडपाठ येतं, पण वाचता येत नाही

प्रश्न : मुलगा चौथीत, मराठी माध्यमात आहे. कविता ऐकून लगेच पाठ होतात, तोंडी हिशेबही चोख. पण पुस्तक पुढे ठेवलं की 'घर'चं 'धर', 'किती'चं 'कती', 'सूर्य'चं 'सुयर'. रोज दोन पानं शुद्धलेखन लिहून घेते, तरी चुका त्याच. शाळेत म्हणतात, लक्षच देत नाही.
– एक आई, सातारा

उत्तर : दोन पानांचं शुद्धलेखन आजपासून बंद करा. पाहून लिहिताना मूल अक्षरांची चित्रं उतरवतं. आवाज आणि अक्षर यांची सांगड त्यात बसत नाही, आणि डिस्लेक्सियात, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जातं त्या अडचणीत, अडतं ते तिथेच. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. दोन्ही ठीक असतील तर मुलाला आळशी किंवा 'ढ' ठरवण्याआधी त्याच्या आठवडाभराच्या वह्या उघडा आणि चुका वेगवेगळ्या लिहून काढा.

मराठीत अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत. ध-घ, भ-म, थ-य ही सारखी दिसणारी अक्षरं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर. रफाराचं उलट : 'सूर्य'मध्ये र आधी ऐकू येतो, पण खूण बसते य च्या डोक्यावर. शिवाय प्र, र्प, ट्र अशी एकाच र ची निरनिराळी रूपं. तुमच्या मुलाच्या तिन्ही चुका या तीन वेगळ्या जागांवरच्या आहेत, म्हणून उपायही एक नाही.

रोज 20 मिनिटं, आठवड्यातून 5 दिवस द्या. पहिली 5 मिनिटं पुस्तक नको, फक्त कान : "'कमळ'मधला क काढला, काय उरलं?" "'माती'तल्या मा च्या जागी जा ठेव." पुढची 10 मिनिटं एकच अक्षर किंवा एकच खूण. ताटात रवा पसरून बोटाने मोठा ध काढायचा, काढतानाच मोठ्याने म्हणायचा, मग ध चे 8-10 सोपे शब्द वाचायचे. ध आणि घ एकाच दिवशी कधीही घेऊ नका, दोन्ही आणखी मिसळतात. ध न अडखळता येऊ लागला की दोनेक आठवड्यांनी घ घ्या. शेवटची 5 मिनिटं 40-50 शब्दांचा उतारा : आधी तुम्ही वाचा, मग दोघं मिळून, मग तो एकटा. तोच उतारा 3 दिवस. शब्द अडला तर क्षणभर थांबा, सांगून टाका, पुढे चला.

बाराखडी घडाघडा म्हणतो यावर विसंबू नका. ती चालीवर पाठ असते. मधलाच 'कु' दाखवा. 'क'पासून सुरुवात करावी लागली तर ती वाचता येत नाही असं समजा.

परिसर, इतिहासाचे धडे त्याला वाचून दाखवा. वाचन सुधारेपर्यंत ज्ञान कशाला अडवायचं? बाईंना विनंती करा, की वर्गात वाचायचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगावा. तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर विशेष शिक्षकांकडून शिकवणं सुरू करा.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. खासगी समुपदेशकांचा 'एलडी'चा (डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचा) अहवाल दहावीच्या सवलतींना चालेल का?
– एक पालक, ठाणे

उत्तर : त्यावर विसंबू नका. विशिष्ट अध्ययन अक्षमता 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली आहे, पण प्रमाणपत्र शासनमान्य रुग्णालयाचं लागतं. मुंबईत शीव रुग्णालयात असा विभाग आहे. बालरोगतज्ज्ञ, बुद्ध्यांक चाचणी, वाचन-लेखन-गणिताची चाचणी असे टप्पे असतात. एका खेपेत काम होत नाही. जुन्या वह्या आणि प्रगतिपुस्तकं न्या. नववी संपेपर्यंत थांबाल तर धावपळ होईल, आताच नाव नोंदवा.

जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा सवलती असतात. गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घेण्याआधी मात्र विचार करा, पुढे गणित लागणाऱ्या शाखांची वाट अरुंद होते. आणि लेखनिक मिळाला म्हणजे झालं असंही नाही. उत्तर मुद्द्यांत बांधून, लिहिणाऱ्याच्या वेगाने सांगायला शिकावं लागतं. घरी 3-4 पूर्ण पेपर तसे सोडवून घ्या.

प्रश्न : रंगीत काचांच्या चष्म्याने डिस्लेक्सिया जातो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. डोळ्यांच्या व्यायामानेही नाही. नंबर असेल तर साधा चष्मा करा, उरलेले पैसे विशेष शिक्षकांच्या फीला ठेवा.