शॉवरच्या वर साधा एलईडी पॅनल लावला तर चालेल का?

नाही, थेट शॉवरच्या वर साधा पॅनल लावू नका. तिथे 'आयपी ६५' लिहिलेला बंद दिवाच घ्या. आरशावर किंवा दाराजवळ, जिथे फक्त शिंतोडे उडतात, तिथे 'आयपी ४४' पुरतो. मी वायरिंगची कामं करतो, आणि दुकानात सगळ्यात आधी हाच आकडा बघतो. पहिला अंक धूळ किती अडते त्याचा, दुसरा पाणी किती अडतं त्याचा: ४ म्हणजे कुठल्याही बाजूने उडालेले शिंतोडे, ५ म्हणजे नळीची धार. खोक्यावर नुसतं 'वॉटरप्रूफ' असेल आणि आकडा नसेल, तर तो दिवा घेऊच नका. आपली बाथरूम लहान, बऱ्याचदा शॉवरला पार्टिशनही नसतं, त्यामुळे दोन्हीकडे ६५ घेतलेला बरा.

मात्र फॉल्स सीलिंगमधल्या पॅनलचं हे रेटिंग पुष्कळदा फक्त पुढच्या बाजूचं असतं. वरच्या फ्लॅटची गळती मागून आली, तर ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारी डबी) आणि वायरचा जोड दोन्ही भिजतात. स्लॅबला ओलीचा डाग असेल तर आधी गळती काढा, मग दिवा. बसवताना रबरी गॅस्केट सगळीकडून नीट दबली आहे का, वायर जाते ते भोक बंद आहे का, हे स्वतः बघा. आणि दिवा कितीही चांगला असला तरी बाथरूमच्या लाइनला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) हवाच. त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडून वीज बंद झाली नाही, तर लगेच बदलून घ्या.