सुखी आहे, म्हणून लिहिता येत नाही का?

प्रश्न : ताई, माझ्या दोन कादंबऱ्या आल्या आहेत, तिसरी निम्म्यावर अडली आहे. समाज, माणसांचा चांगुलपणा, लिहिण्याचा उपयोग, कशावरच विश्वास उरलेला नाही. एरवी मात्र मी मजेत आहे. घर, नोकरी, झोप, सगळं ठीक. सुखानं लेखणी बोथट झाली का? खर्डा वाचून मित्र म्हणाला, "हा अग्रलेख झालाय." लिहिणं सोडू का?

उत्तर : मित्राला चहा पाजा, त्यानं दुखणं नेमकं ओळखलंय.

सुखाला उगाच बदनाम करू नका. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप पोस्टखात्यात नोकरी करायचे. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, घड्याळ समोर ठेवून पाव तासाला २५० शब्द लिहायचे. अशा रुळलेल्या आयुष्यात त्यांनी ४७ कादंबऱ्या लिहिल्या. पैशामागे धावणाऱ्या लंडनवरची त्यांची सगळ्यात बोचरी कादंबरी १८७५ साली पुस्तकरूपात आली, तेव्हा ते साठीला टेकले होते.

तुमची अडचण वेगळी आहे. संशयी माणूस स्वतःच्या मतावरही संशय घेतो. तुम्हाला समाजाबद्दल आता खात्रीच झालेली दिसते, आणि निकाल आधीच लागला असेल तर पात्रांना करण्यासारखं काही उरत नाही.

खर्डा छापून घ्या आणि लाल पेन्सिल घेऊन बसा. 'लोक', 'समाज', 'माणसं', 'सगळेच' हे शब्द आणि 'असतात', 'वागतात' अशी क्रियापदं शोधा. गोष्ट भूतकाळात चालली असताना वाक्य मधेच अशा वर्तमानकाळात घसरलं, की तिथे बहुधा लेखक भाषण ठोकायला उभा राहिलेला असतो. अशा प्रत्येक वाक्याला विचारा : हे कोण म्हणतंय, आणि म्हटल्यामुळे त्याचं काय बिघडतं? कुणाचंच काही बिघडत नसेल तर वाक्य काढा. बिघडत असेल, म्हणजे ते बोलल्यामुळे नोकरी जाते, लग्न मोडतं किंवा निदान जेवणाच्या टेबलावर शांतता पसरते, तर ठेवा. तिथे कादंबरी आहे.

मग संवादांमधली नावं झाका. बोलणारा ओळखू येत नसेल तर सगळी पात्रं तुमच्याच आवाजात बोलताहेत. त्यावर उपाय जरा जाचक आहे. तुम्हाला न पटणारं मत कादंबरीतल्या सगळ्यात शहाण्या पात्राला द्या आणि एका प्रसंगात त्याला जिंकू द्या. बहुतेक लेखक इथे कच खातात आणि विरोधी मत मूर्खाच्या तोंडी घालून मोकळे होतात. वाचकाला ही लबाडी लगेच कळते.

एवढं झालं की महिनाभर खर्ड्याला हात लावू नका, नंतर मोठ्यानं वाचा. वाचताना जीभ जिथे अडखळेल तिथे खूण करा; दुरुस्ती दुसऱ्या दिवशी.

सोडायचं का, हा प्रश्न त्या वाचनानंतर घ्या. तेव्हाही आपल्या पात्रांचं पुढे काय होईल याची तुम्हालाच उत्सुकता नसेल, तर खुशाल सोडा. कादंबरी लिहिण्याची सक्ती कुणावरच नाही. काढलेली वाक्यं मात्र वेगळ्या वहीत ठेवा, त्यातून दोन-तीन चांगले लेख निघतील.