वाचकाने कथेची वाट निवडायची, हे लेखकांना खरंच पटतं का?

तुमची कादंबरी पुस्तकाबरोबर ऑडिओ, गेम आणि 'पुढे काय व्हावं ते वाचकाने निवडायचं' अशा ॲपवर काढायचा प्रस्ताव आलाय, आणि लेखक मंडळी याकडे कसं बघतात असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरात कथा लिहितो, ऑडिओसाठीही लिहितो, तेव्हा आधी इथलं सांगतो.

बहुतेक जण पहिल्यांदा नाक मुरडतात. सीताबर्डीवर विदर्भ साहित्य संघातला एखादा कार्यक्रम संपला की बाहेर हा विषय काढून बघा. "शेवट वाचकच ठरवणार, तं मी काऊन लिहू?" असं एक ज्येष्ठ मला म्हणाले होते. त्यांचीच कथा ऑडिओवर आली तेव्हा मात्र लिंक सगळ्या ग्रुपांवर त्यांनी स्वतः टाकली. म्हणजे माध्यम बदलायला कोणाची फारशी ना नाही. दुखतं ते शेवट हातचा जाण्यात, आणि कधी कधी पैसे हातचे जाण्यात.

पैशांचं उदाहरण पोलंडचं. तिथले कादंबरीकार आंद्झेय सापकोव्स्की यांनी आपल्या 'विचर' या कल्पनारम्य कथामालिकेचे गेमचे हक्क एकरकमी विकले. गेम चालेल यावर त्यांचा विश्वासच नव्हता, म्हणून नफ्यातला वाटा नको म्हणाले. २००७ पासून गेम आले, तुफान खपले, आणि २०१८ मध्ये त्यांनी गेम बनवणाऱ्या कंपनीकडे ६ कोटी झ्लॉटींची मागणी केली. २०१९ मध्ये नवा करार झाला. उलट रशियाच्या दिमित्री ग्लुखोव्स्कींनी 'मेट्रो २०३३' ही कादंबरी २००२ पासून आपल्या वेबसाइटवर फुकट टाकली, २०१० मध्ये तिचा गेम आला, आणि त्या जगात इतर लेखकांनाही त्यांनी लिहू दिलं. दोघांच्या स्वभावात फरक आहेच, पण माझ्या मते जास्त फरक पडला तो ग्लुखोव्स्की पहिल्यापासून या सगळ्यात स्वतः आत होते याने. इंग्रज लेखक डग्लस ॲडम्सचंही तसंच: 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी' ही त्यांची कथा १९७८ मध्ये रेडिओवर आली, पुस्तक नंतर झालं, आणि १९८४ च्या गेमचं लेखनही त्यांनी सहलेखकासोबत स्वतः केलं.

आता लिहिण्याची खरी अडचण. दर वळणावर दोन पर्याय दिले आणि अशी दहा वळणं आली, तर १०२४ शेवट होतात. इतके कोणी लिहीत नाही. म्हणून फाटे फोडायचे आणि दोन-तीन प्रसंगांनंतर पुन्हा एकाच जागी आणून सोडायचे. वाचकाला निवडल्यासारखं वाटतं, दोर लेखकाकडे राहतो. ज्यांना ही लबाडी वाटते त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण पूर्व विदर्भातलं झाडीपट्टीचं नाटक बघून या म्हणतो. दिवाळीनंतर वडसा, ब्रह्मपुरीकडे ही नाटकं रात्रभर चालतात. गाणं रंगलं की पुन्हा होतं, विनोदी नटाला टाळ्या मिळाल्या की तो पदरचे चार संवाद घालतो, पब्लिक नाटकात पुरती शिरलेली असते. तरी खलनायकाचं शेवटी काय करायचं हे कोणी मंडपाला विचारत नाही.

म्हणून प्रस्ताव घ्या, पण वाटा तुम्हीच लिहाल असं ठरवून घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून लेखकाच्या बाजूची एक तरतूद आहे: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचे हक्क करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय जात नाहीत. मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण ५ वर्षांचं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. 'आजची व उद्याची सर्व माध्यमे, कायमस्वरूपी' असं वाक्य दिसलं तर सही करू नका. ऑडिओ, गेम, ॲप, प्रत्येकाचे हक्क वेगळे लिहून घ्या आणि वकिलाला दाखवा.

छापील आवृत्ती सोडू नका. नेटफ्लिक्सने 'बँडरस्नॅच' हा प्रेक्षकाने वाट निवडायचा चित्रपट २०१८ मध्ये केवढ्या थाटात आणला होता, आणि २०२४ च्या अखेरीस त्यांनी असे बहुतेक इंटरॲक्टिव्ह कार्यक्रम काढूनही टाकले. ॲप बंद पडलं की त्यातली गोष्टही जाते.

सहीआधी ट्वाइन नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या कादंबरीचं एकच प्रकरण फाटे फोडून लिहून पाहा. देवनागरी चालते. ते करताना कंटाळा आला, तर ॲपचे हक्क देऊच नका, ऑडिओवर थांबा.