आधी पोट बघा
ताई, 6 वर्षांची लेक दिवसा चड्डी ओली करते म्हणून रागावू नका, ती मुद्दाम करत नाही. आधी शी कशी होते ते बघा. पोटात कडक शी साचली की ती मूत्राशयावर दाबते. आमच्याकडे नेमकं हेच निघालं. आणि चड्डीला लागणारी पातळ शी मी जुलाब समजून बसले होते, ती खरं तर साचलेल्या कडक शीच्या बाजूने झिरपत होती! डॉक्टरांनी शी मऊ करणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली, ती काही महिने चालली. बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करू नका. जेवणानंतर 5-10 मिनिटं कमोडवर बसवा, पायाखाली पाट हवाच. दर 2-3 तासांनी लघवीला पाठवा, शाळेतल्या बाईंनाही सांगून ठेवा. ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर मात्र लगेच दाखवा.