2040 सालात घडणारी, थोडी गूढ कादंबरी लिहायची आहे. मराठवाड्यातली कोणती जुनी वस्ती घेऊ?

तुम्ही लिहिलंय की जुन्या शहरातली खरीखुरी वस्ती हवी, काळ आजपासून पंधरा-वीस वर्षं पुढचा हवा, गूढ हवं पण पांढऱ्या साडीतली बाई नको. आणि हे गूढ आणायचं कुठून, हेही विचारलंय.

बेगमपुरा घ्या. छत्रपती संभाजीनगरातला, पाणचक्की आणि बीबी का मकबरा यांच्या आसपासचा. मी त्याच भागात वाढले, म्हणून पक्षपात आहेच, पण कारणही आहे. आणि गूढ आणा पाण्यातून. दुसरीकडे शोधायला जाऊ नका.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1610च्या सुमारास खडकी गावी, म्हणजे आजच्या याच शहरात, राजधानी वसवली, तेव्हा मोठी अडचण पाण्याचीच होती. नदी होती ती खाम, तिच्या जिवावर राजधानी कशी जगणार? मग उत्तरेच्या डोंगरांच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी जमिनीखालून गावात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. उपसायला काही नाही, सगळा खेळ उताराचा. दगडी बांधणीचे बोगदे, खापराचे नळ आणि वाटेत मध्येमध्ये उभे मनोरे. पाणी त्या मनोऱ्यात चढतं, अडकलेली हवा सुटते आणि नळांवरचा ताण आवरला जातो. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्की त्यातल्याच एकीवर चालायची. पाणी उंच भिंतीवर चढवून खाली सोडायचं, त्या धारेने चक्र फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. तिथला मोठा हौद ज्याच्यावर आहे ते खालच्या दालनाचं छत आहे. वर मासे फिरतायत आणि खाली माणसं गारव्याला बसलीत, अशी रचना कुणा लेखकाला सुचवावी लागत नाही, ती तिथे बांधून ठेवलेली आहे.

या नहरींपैकी काही फुटल्या, काही बुजल्या, काहींवर घरं झाली. काहींतून पाणी अजून वाहतं. आणि वर राहणाऱ्यांच्या नळाला जायकवाडीचं पाणी, पंपांनी चढवत आणलेलं, कित्येक दिवसांच्या गॅपने येतं. 'आज पाणी आहे का?' हा आमच्याकडे लग्नाची तारीख ठरवतानाही विचारायचा प्रश्न आहे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ज्या मुलखात पाणी रुळावरून येतं, तिथे घराच्या पायाखालून कुणी न मागता चारशे वर्षं पाणी जातंय, यापेक्षा अंगावर काटा आणणारं काय असणार?

आता 2040. उडत्या गाड्या नकोत. गळती शोधणारी यंत्रं आणा. ती आजही असतात. नळाला चिकटवलेलं छोटं यंत्र रात्री दोन ते चारच्या दरम्यान आवाज टिपतं, कारण तेव्हा शहर सर्वांत शांत असतं आणि वापर जवळपास थांबलेला असतो. म्हणजे आपले लोक ज्या वेळेला घराबाहेर पडू नका म्हणतात, नेमक्या त्याच वेळेला यंत्र कान लावून बसतं. तुमची नायिका महापालिकेत या नोंदी बघणारी इंजिनिअर असू द्या. बेगमपुऱ्याच्या एका गल्लीत वाहत्या पाण्याचा आवाज येतो, पण नकाशात तिथे लाइनच नाही. ती एका निवृत्त लाइनमनला घेऊन जाते. तो जुन्या सवयीने लोखंडी सळईचं एक टोक फरशीवर टेकवतो, दुसऱ्याला कान लावतो, बराच वेळ काही बोलत नाही, आणि मग एवढंच म्हणतो, "मॅडम, हे आपलं पाणी नाही. याला चावी नाही." तुमची कादंबरी इथून सुरू होऊ शकते.

पुढे काय, हे तुम्ही ठरवा. माझं म्हणणं एवढंच की या वस्तीत खालच्या पाण्याला कुणी घाबरता कामा नये. त्याच्याशी वागायची रीत माणसांना माहीत असली पाहिजे. विहिरीच्या, बारवेच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड तुम्ही पाहिले असतील. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. त्यांना हिरव्या बांगड्या, खण वाहतात. मुसलमान घरांत ख्वाजा खिज्र, पाण्याचे आणि वाट चुकलेल्यांचे राखणदार, तेही हिरव्या वस्त्रांतले. दिल्ली दरवाजाजवळच्या ज्या तलावाला आज सलीम अलींचं नाव आहे, त्याला पूर्वी खिजरी तलाव म्हणत. मला तर हे एकाच पाण्याचे दोन शेजारी वाटतात. कोण खरं, या वादात तुमची पात्रं पडू देऊ नका. आमच्या गल्लीत कुणी पडत नव्हतं. माझी आजी उकळतं पाणी मोरीत ओतायच्या आधी एक तांब्या गार पाणी टाकायची, "सरा गं बायांनो" म्हणायची, जरा थांबायची आणि मगच भगुनं वाकडं करायची. शेजारच्या खाला बिस्मिल्ला म्हणून ओतायच्या. दोघींनी आयुष्यभर एकमेकींना लोणची दिली, पण यावर त्या कधी बोलल्या असतील असं मला वाटत नाही. बोलण्यासारखं त्यात काही होतं असं त्यांना वाटलंच नसणार. गूढ असं, रोजच्या कामाच्या ओघात यावं. कुणी त्याच्याकडे वळूनही पाहू नये.

इथे लेखक हमखास घसरतात ते वयाच्या हिशेबात. 2040ची आजी नऊवारीतली, कपाळभर कुंकवाची नसेल. तिचा जन्म 1970च्या आसपासचा. 1985 साली बजाजचा कारखाना वाळूजला आला, तेव्हा ती शाळेत होती. तिच्या नवऱ्याने वाळूजमध्ये पाळ्या केल्या असतील, तिने स्वतः स्कूटी चालवली असेल, मोबाईलवर वीजबिल भरलं असेल. अशी बाई विजेच्या किटलीतलं उरलेलं पाणी ओतताना थबकली, तर वाचक थबकेल. आणि 2023 साली शहराचं नाव बदललं, त्यानंतर जन्मलेली पोरं तेव्हा सतरा वर्षांपर्यंतची असतील. त्यांना शहराचं एकच नाव माहीत, आणि आजीच्या तोंडी अजून दोन. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, संभाजीनगर: इतकी नावं बदललेल्या गावात पत्ता शोधत येणारं कुणीतरी जुनं नाव सांगतं, एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील.

कागदपत्रांचाही उपयोग करा. निजामाच्या काळातली घरांची कागदं उर्दूत आहेत. ज्याच्या घराची, त्या नातवाला ती वाचता येत नाहीत. नहरीची वाट अशाच एखाद्या कागदात लिहिलेली असेल, तर तुमच्या इंजिनिअरला वाचणारा माणूस शोधत गल्लीत फिरावं लागेल. त्यातून वस्ती आपोआप दिसेल, वर्णन करत बसावं लागणार नाही.

एक कळकळीची विनंती. मराठवाडा म्हटला की लोक भानामतीकडे वळतात. वळू नका. भानामतीच्या संशयावरून इथे बायकांना मारलंय, गावाबाहेर काढलंय. 2013चा जादूटोणाविरोधी कायदा अशाच छळाविरुद्ध करावा लागला. ज्यांनी ते सोसलं त्यांच्या घरात आजही ते ताजं आहे, आणि गूढाची फोडणी म्हणून ते वापरलेलं मला बघवत नाही. आसरांच्या नावानेही कुणा बाईचा छळ होताना दाखवणार असाल, तर छळ करणारा माणूसच आहे हे स्वच्छ दिसू द्या.

लिहायच्या आधी एकदा येऊन जा. पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, सकाळी लवकर. मकाई दरवाजातून खामच्या पुलावरून चालत बेगमपुऱ्यात शिरा, थत्ते हौद बघा, मग पाणचक्की. सोबत कुणी जुना रहिवासी असेल तर उत्तम, कारण नहरीचे मनोरे आता घरांच्या मध्ये, कुठे झाडीत दडलेत, ते दाखवल्याशिवाय कळत नाहीत. म्हाताऱ्यांना इथे भूत आहे का असं विचारलंत तर ते चहा पाजून वाटेला लावतील. त्याऐवजी विचारा की तुमच्या आडाला मे महिन्यात पाणी कुठवर असतं. मग बसायला खुर्ची येईल, आणि घरातला दुसरा म्हाताराही बाहेर येईल.

पहिली दोन प्रकरणं झाली की इथेच टाका. नहरीच्या आणि गल्ल्यांच्या तपशिलात काही चुकलं असेल तर मी मनापासून बघून देईन.