रात्रीच्या मुक्कामालाही मार्क असतात का?

फेब्रुवारी-मार्च आला की अमेरिकेतल्या मराठी घरांतून माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. बारावीतल्या मुलाची किंवा मुलीची गुणवत्तेवरच्या एखाद्या मोठ्या स्कॉलरशिपच्या शेवटच्या फेरीसाठी निवड झालेली असते. युनिव्हर्सिटी त्यांना एक-दोन दिवस कॅम्पसवर बोलावते. मुलाखत, प्राध्यापकांबरोबर चर्चा, जेवणं आणि एक रात्र तिथल्याच एखाद्या विद्यार्थ्याच्या डॉर्ममध्ये मुक्काम. आईवडील बरोबर गेलेच तर हॉटेलात. मुलाखतीचं काय करायचं हे घरात साधारण ठरलेलं असतं. घोडं अडतं ते त्या रात्रीपाशी.

न्यू जर्सीतल्या एका आईचा मेसेज असाच आला होता. "ताई, हिची फायनल राउंड आहे. रात्री होस्ट मुलीच्या खोलीत राहायचंय. तिथे काय बोलते, किती बोलते, हेही बघतात म्हणे. आमची फार कमी बोलते हो. तिला थोडं बोलायला शिकवाल का?" (मुलांची नावं मी लिहीत नाही, बदलूनही नाही. आपल्या लोकांचा अंदाज फार पक्का असतो.)

पहिल्या व्हिडिओ कॉलला तिघंही होते. बाबांनी प्रश्नोत्तरांची लांबलचक फाइल केली होती आणि संभाव्य उपप्रश्नांना निळा रंग दिला होता. मी मुलीला विचारलं, "हीच युनिव्हर्सिटी का?" तिने छान, गुळगुळीत उत्तर दिलं. फक्त तिची नजर सारखी स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात जात होती, कारण फाइल तिकडे उघडी होती. मी आईबाबांना विनंती केली की थोडा वेळ आम्हा दोघींना बोलू द्या. बाबा जरा नाराज झाले, पण उठले.

मग मी तिला विचारलं, तुला स्वतःला कसली काळजी आहे? रात्रीची, मुलाखतीची, की आणखी कशाची? ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मावशी, मिळाली तर?"

"मिळाली तर काय?"

"तर जावं लागेल. फुल राइड (सगळा खर्च भागवणारी स्कॉलरशिप) कोणी सोडत नाही असं बाबा म्हणतात. मी ते कॅम्पस पाहिलेलंसुद्धा नाही."

माझ्या मते या केसचं मर्म इथेच होतं. आईची काळजी होती की मुलगी निवडणाऱ्यांना आवडेल की नाही. ती जागा मुलीला आवडेल की नाही, हा प्रश्न घरात कोणी काढलाच नव्हता. स्वतःला काय हवंय हे ठरलेलं नसलं की माणूस समोरच्याला काय हवं असेल याचा अंदाज बांधत बोलतो, आणि मुलाखत घेणाऱ्यांना ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मी तिला म्हटलं, त्या दोन दिवसांत तूही त्यांना पारखायचं आहेस. नको म्हणायची मुभा तुलाही आहे. हे आईबाबांना सांगायचं काम मी माझ्याकडे घेतलं. बाबांना ते पटायला वेळ लागला. पैशाचा प्रश्न खरा होता, आणि तो खोटा आहे असं मी म्हटलंही नाही.

आता मुक्कामाबद्दल. यावर नेटवर वाटेल ते वाचायला मिळतं, आणि खरं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. त्यामुळे अंदाज करत बसण्यापेक्षा विचारून टाकावं. स्कॉलरशिप ऑफिसला दोन ओळींची ईमेल करायची: आमचे होस्ट विद्यार्थी निवडीत मत देतात का? यात गैर काहीच नाही. मात्र ईमेल मुलीने करायची, आईने नाही. तिने केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की होस्ट गुण देत नाहीत, पण काही गंभीर घडलं तर ऑफिसला कळवणं त्यांना बंधनकारक आहे. सगळीकडे असंच उत्तर येतं असं नाही. पूर्ण भेटच निवडीचा भाग आहे, असं स्पष्ट सांगणारी ठिकाणंही मी पाहिली आहेत.

या पद्धतीचं मूळ कळलं की तिचा धाक थोडा कमी होतो. चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीतली मोरहेड-केन ही अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या गुणवत्ता स्कॉलरशिपपैकी एक. ती १९४५ साली ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स स्कॉलरशिपच्या धर्तीवर सुरू झाली. ऱ्होड्सच्या निवडीत पहिल्यापासून मार्कांच्या जोडीला माणूस कसा आहे हे बघतात, आणि मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी उमेदवार आणि निवड समिती एकत्र भेटायची प्रथाही तिथली. पुढे व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीची जेफरसन स्कॉलर्स वगैरे आल्या, आणि शेवटच्या फेरीसाठी मुलांना कॅम्पसवर बोलावणं रुळलं. जेवणाच्या टेबलावर शेजारच्याला बोलू देता का, वाढणाऱ्याशी कसं वागता, न पटणारं मत ऐकून घेता का, एवढंच तिथे दिसतं. कमी बोलणाऱ्या मुलीला यात अडचण यायचं कारण नाही. उलट गटचर्चेत आधी ऐकून मग "तू मघाशी जे म्हणालास त्यावर मला विचारायचंय" असं म्हणणारी मुलगी सगळ्यांत जास्त बोलणाऱ्या मुलापेक्षा चांगली लक्षात राहते.

मुलाखतीसाठी मी बाबांची फाइल बंद करायला लावली आणि अर्जातली कामांची यादी मागवली. रोबोटिक्स, डिबेट, हॉस्पिटलमधलं स्वयंसेवन. सगळं नीटनेटकं, आणि शेजारच्या दहा घरांतही हेच. मी विचारलं, यात न लिहिलेलं काय करतेस? म्हणाली, शनिवारी लहान मुलांच्या सॉकर मॅचना रेफरी असते, पण त्याचे पैसे मिळतात, म्हणून लिहिलं नाही. पैसे मिळणारं काम अर्जात लिहायचं नसतं, हा आपल्याकडचा ठाम गैरसमज आहे. अमेरिकेत शाळेत असताना केलेल्या नोकरीला उलट मान असतो.

तेवढ्यावरून ती जी बोलायला लागली! अमेरिकेच्या सॉकर महासंघाने २०१५ साली १० वर्षं आणि त्याखालच्या मुलांना डोक्याने चेंडू मारायला बंदी घातली, मेंदूला इजा होऊ नये म्हणून. मुद्दाम हेडर मारला तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक मिळते. एका मॅचमध्ये शेवटच्या मिनिटाला गोलाकडे आलेला चेंडू एका पोराने सवयीने डोक्याने परतवला. हिने शिट्टी वाजवली. फ्री किकवर गोल झाला, तो संघ हरला आणि कडेला उभे असलेले पालक तिच्यावर ओरडले. "नियम बरोबर आहे, पण त्या मुलाने तो मुद्दाम मारला होता का हे मला आजही नक्की सांगता येत नाही," ती म्हणाली.

मला जे ऐकायचं होतं ते हेच. मी तिला सांगितलं की हे पाठ करू नकोस, लिहूनही ठेवू नकोस. चांगल्या उत्तरात एक खरा पेच असतो, तू घेतलेला निर्णय असतो, आणि त्याबद्दलची जी शंका उरली असेल ती प्रामाणिकपणे सांगितलेली असते. मग आम्ही इतर कामांतही असे पेच शोधले. रोबोटिक्समध्ये सापडला. हॉस्पिटलच्या कामात नाही सापडला, तर त्यावर फार बोलायचं नाही असं ठरवलं. सराव म्हणून मी तिला अर्जाबाहेरचेच प्रश्न विचारले: अलीकडे कशाबद्दल मत बदललं? तुझ्या शाळेतला कुठला नियम काढून टाकशील, आणि त्याने कोणाचं नुकसान होईल? "माहीत नाही, पण मी असा विचार करीन" हे वाक्य तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं, कारण आपल्या हुशार मुलांना ते म्हणताच येत नाही.

बाबांच्या फाइलमध्ये एक वाक्य होतं की दोन मुलांच्या फीचा भार कुटुंबावर आहे. ते मी काढायला लावलं. गुणवत्तेची स्कॉलरशिप आणि गरजेवर मिळणारी मदत या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. गरजेचा हिशेब फॅफ्सा (सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज) आणि तत्सम फॉर्मवर होतो. समितीपुढे खर्चाचं गाऱ्हाणं मांडून काही साधत नाही. (हार्वर्ड, येल वगैरे आयव्ही लीगच्या आठही युनिव्हर्सिट्या गुणवत्तेची स्कॉलरशिप देतच नाहीत, फक्त गरजेनुसार मदत देतात. हे ऐकून दरवर्षी कोणीतरी चकित होतंच.)

मुक्कामाची तयारी मात्र अगदी साधी. १८ पूर्ण नसतील तर आईवडिलांच्या सहीचा संमतीचा फॉर्म लागतो, तो आधीच पाठवायचा. अंथरूण आपलं न्यायचं आहे का ते विचारायचं, कारण बऱ्याच ठिकाणी जमिनीवर स्लीपिंग बॅगमध्ये झोपावं लागतं. रोजची औषधं घ्यायची. ऑफिसचा रात्रीचा नंबर फोनमध्ये हवा. होस्टने पार्टीला चल म्हटलं आणि तिथे दारू असेल, तर "मी खोलीवर जाते, उद्या मुलाखत आहे" एवढं पुरे. तिथे दारू पिण्याचं वय २१ आहे, आणि ऑफिसला कळवायची "गंभीर गोष्ट" बहुतेक वेळा हीच असते. आणि झोप यायला लागली की झोपायचं. रात्री दोनपर्यंत गप्पा मारल्याबद्दल कोणी बक्षीस देत नाही.

होस्टला विचारायचे प्रश्न तिने स्वतः काढले. माझी भर एकाच प्रश्नाची होती: आजारी पडलीस तेव्हा कोण आलं? तिचे प्रश्न माझ्याहून चांगले होते. मंगळवारी दुपारी तू कुठे असतेस? इथून कोणी सोडून गेलं का, आणि का? स्कॉलरशिपवाली मुलं आपापल्यातच राहतात का?

शेवटचा प्रश्न कामाला आला. होस्टने सरळ सांगितलं की पहिलं वर्ष तसंच गेलं, नंतर तिने मुद्दाम बाहेरच्या मैत्रिणी केल्या. मुलाखतीत रेफरीचा विषय निघालाच नाही. त्यांनी विचारलं, आमच्याकडे काय खटकलं? तिने होस्टचं नाव न घेता तोच मुद्दा मांडला आणि मग विचारलं की तुम्ही यावर काय करता? एका प्राध्यापकांनी बराच वेळ उत्तर दिलं. दोन दिवसांनी तिने होस्टला आणि मुलाखत घेणाऱ्यांना आभाराची छोटी ईमेल केली, प्रत्येकाला वेगळी.

पूर्ण स्कॉलरशिप तिला मिळाली नाही. अर्ध्या ट्यूशनची मिळाली. शेवटच्या फेरीतल्या मुलांना अशी लहान रक्कम मिळणं तसं नवीन नाही. घरात दोन दिवस शांतता होती. मग बाबांनी हिशेबाची शीट काढली. घरच्या राज्यातली सरकारी युनिव्हर्सिटी एका बाजूला, ही दुसऱ्या बाजूला. शीटमध्ये मी काही गोष्टी घालायला सांगितल्या. ट्यूशन, सक्तीची फी आणि कोर्सला लागणारी पुस्तकं यांवर खर्च झालेली स्कॉलरशिप करमुक्त असते. राहण्या-जेवणासाठी मिळालेली रक्कम विद्यार्थ्याचं उत्पन्न धरली जाते. बाहेरून आणखी एखादी स्कॉलरशिप आणली तर युनिव्हर्सिटी आपली रक्कम कमी करते का, हेही लेखी विचारावं.

तिला स्वतःला तिथे जायचं होतं. हे तिने जेवताना, कोणी विचारलं नसताना सांगितलं, असं मला आईकडून कळलं. फक्त होकार द्यायच्या आधी तिने ऑफिसला आणखी एक ईमेल केली: जीपीए (मार्कांची सरासरी) एका सेमिस्टरला ३.० च्या खाली गेला तर काय होतं, आणि इंजिनिअरिंगची को-ऑपची, म्हणजे कंपनीत काम करायची, सेमिस्टर स्कॉलरशिपच्या आठ सेमिस्टरांत मोजतात का? उत्तर आलं की जीपीए वर्षाच्या शेवटी बघतात, कमी असेल तर सुधारायला एक सेमिस्टर देतात, आणि को-ऑप मोजत नाहीत. १ मे ही मुदत होती. तिने एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात होकार कळवला आणि घरच्या राज्यातल्या युनिव्हर्सिटीलाही येत नसल्याचं लगेच कळवलं, म्हणजे तिथली जागा दुसऱ्या कुणाला मिळेल.